भगतसिंगाच्या हातात काय द्यायचं?

प्रिय ताई,

आम्ही सोलापुरात राहतो. सोसायटीतली सात ते तेरा वयाची दहा-पंधरा मुलं दर रविवारी आमच्या गच्चीवर जमतात. गोष्टी, चित्रं, खेळ असं मी काहीबाही घेत असते. यंदा १५ ऑगस्टच्या आधी महिनाभर स्वातंत्र्यलढा घ्यायचं मनात आहे. गेल्या वर्षी फॅन्सी ड्रेस ठेवला होता. चार भगतसिंग, दोन टिळक आणि एक झाशीची राणी आली. पाठ केलेली चार-चार वाक्यं झाली, फोटो झाले, वेफर्स वाटले. आठवड्याने विचारलं तर मुलांच्या लक्षात एवढंच होतं, की मिशी खाजत होती! यंदा हाताने करण्यासारखं काहीतरी हवं आहे. पण मोठ्या मुलांना बॉम्ब आणि फाशीचाच सीन करायचाय. तळमजल्यावरचे आजोबा म्हणतात, मुलांना अभिमान वाटेल तेवढंच सांगा, बाकीचं मोठेपणी कळेल. आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलीला पुन्हा झाशीची राणीच व्हायचंय, कारण ड्रेस घरात आहे. कुठून सुरुवात करू?

— गच्चीवरची आई, सोलापूर

—

प्रिय गच्चीवरच्या आई,

मिशी खाजत होती हे लक्षात राहिलं याचं मला अजिबात नवल वाटत नाही. त्या दिवशी त्या मुलाच्या स्वतःच्या वाट्याला आलेली तेवढी एकच गोष्ट होती. वाक्यं बाबांनी लिहून दिली, फेटा आईने बांधला, टाळ्या सगळ्यांनाच मिळाल्या.

हाताने करण्यासारखं म्हटलं की आपल्याकडे लगेच कागदाचा चरखा आणि थर्माकोलचा लाल किल्ला डोळ्यांपुढे येतो. करायला हरकत नाही, मुलं तासभर शांत बसतात. पण तुमचा हेतू वेगळा दिसतोय, म्हणून मी वापरते ती कसोटी सांगते. कृतीच्या मधोमध मुलाला काहीतरी ठरवावं लागलं पाहिजे, आणि ठरवताना थोडं अडखळायला झालं पाहिजे. टोपी घालू की काढू? ही बातमी छापू की थांबू? इतिहासातली माणसंही अशीच अडखळली होती, आणि पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्या मुलांना शेवट आधीच माहीत असतो, म्हणून त्यांना सगळं सोपं वाटतं. तुमचं काम तो शेवट थोडा वेळ झाकून ठेवायचं.

सुरुवात मिठापासून करा. सात वर्षांच्या मुलालाही हे जमतं आणि तेराच्या मुलालाही कंटाळा येत नाही. समुद्र लांब आहे म्हणून अडू नका. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे मीठ घातलं की तुमच्या गच्चीवर अरबी समुद्र तयार. त्यात मूठभर माती कालवा. मुलांना सांगा, यातून मीठ परत काढून दाखवा. कशाने गाळायचं, किती पदरी फडकं घ्यायचं, गाळलेलं पाणी परातीत पसरायचं की पातेल्यात ठेवायचं, यावर त्यांना भांडू द्या. ऊन कडक असेल तर परातीतला पातळ थर सुकायला वेळ लागत नाही. पावसाळी दिवस असेल तर गॅस लागेल. गॅसजवळ मोठं माणूसच उभं राहील हे आधीच ठरवून टाका, कारण पाणी आटत आलं की मीठ तडतडतं आणि डोळ्यांकडे उडतं. आणि हे मीठ खायचं नाही, माती त्यातून पूर्ण जात नाही.

परातीच्या कडेला पांढरी खरबरीत साय धरलेली दिसली की मुलं हरखून जातात. त्याच वेळी मीठ खात्याचा शिपाई येतो. ही भूमिका एखाद्या खोडकर मुलाला आधीपासून गुपचूप देऊन ठेवा. परवाना विचारायचा आणि परातीत मूठभर माती टाकून निघून जायचं, एवढंच त्याचं काम. दांडीला पोलिसांनी किनाऱ्यावरचं मीठ चिखलात मिसळून टाकलं होतं, हे मुलांना नंतर सांगा. आधी त्यांना चिडू द्या. एखादं लहान मूल रडेलही, म्हणून एक वाटीभर मीठ आतल्या खोलीत सुखरूप ठेवलेलं असू द्या. आता गटाने ठरवायचं: पुन्हा मीठ करायचं का? उघड्यावर, की लपून? शिपायाला ढकलायचं का? ढकललं तर त्याच्यामागून किती जण येतील?

मोठ्या मुलांसाठी यात गणितही दडलंय आणि मला हा सगळ्यात ताकदीचा भाग वाटतो. १९३० साली मिठावर मणाला १ रुपया ४ आणे कर होता. मण म्हणजे ४० शेर, रुपया म्हणजे १६ आणे. मुलं हिशोब करतील: शेराला अर्धा आणा. शेर म्हणजे किलोला थोडा कमी. माणशी वर्षाला सहा शेर मीठ धरलं तर कर झाला ३ आणे. इथे कुणीतरी नक्की म्हणेल, "एवढंसंच? मग एवढा दंगा कशाला?" हा प्रश्न यायलाच हवा, नाही आला तर तुम्ही विचारा. मग त्यांना गांधीजींचं पत्र सांगा. दांडीला निघायच्या आधी, २ मार्च १९३० ला, त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनना पत्र लिहिलं आणि त्यात व्हाइसरॉयचा पगारच मांडला: महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० च्या वर, आणि हिंदुस्थानातल्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. आता मुलांच्या हातात कॅल्क्युलेटर द्या. ते ३ आणे कमवायला गरीब माणसाला दीड दिवस लागतो, व्हाइसरॉयला तेवीस सेकंद. घड्याळ लावून तेवीस सेकंद मोजायला सांगा. व्याख्यान तुम्ही द्यायची गरज उरत नाही.

आपल्याकडे शिरोड्याला, वडाळ्याला हेच घडलं हे नकाशावर दाखवा आणि पुढच्या रविवारी सरळ तुमच्या गावात या. तुम्ही सोलापुरात राहता आणि विषय कुठून सुरू करू म्हणून विचारता, हे वाचून मला थोडं हसू आलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून तुमची मुलं रोज रिक्षाने शाळेत जात असतील. पण चौघांची नावं किती जणांना येतात, विचारून बघा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. नावं मोठ्याने वाचली तरी तेव्हाच्या सोलापुरात कोण कोण एकत्र आलं होतं ते मुलांच्या लक्षात येईल. त्यावर वेगळं भाष्य करू नका.

घटनाक्रम थोडक्यात असा. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली, गिरण्यांचं गाव पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला शिंदीची (ज्यांच्या रसाची ताडीसारखी दारू होते ती) झाडं तोडण्याच्या सत्याग्रहातून प्रकरण चिघळलं, पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. जमावानेही पोलीस चौकी आणि कोर्ट जाळलं, पोलीसही मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात सरकार नावाची गोष्टच दिसत नव्हती, काँग्रेसचे स्वयंसेवक व्यवस्था बघत होते. मग १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला गेला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं.

यातून दोन कृती निघतात. पहिली त्या मधल्या दिवसांची. गच्चीवर खडूने शहराचा मोठा नकाशा काढा: पेठा, गिरण्या, स्टेशन, बाजार, पाण्याची टाकी. सांगा, पोलीस निघून गेलेत, कलेक्टर दिसत नाही, आजपासून तीन दिवस गाव तुमच्या ताब्यात. आता बोला. चौकात गाड्या कोण थोपवणार? दुकानदार दुप्पट भाव लावतोय, त्याचं काय? कुणीतरी दारूचं दुकान फोडलंय. सुटलेल्या लोकांचा घोळका एका शिपायाच्या घरावर चाललाय, त्याची बायको-मुलं आत आहेत. प्रत्येक प्रसंगाची चिठ्ठी टोपलीतून काढायची, आणि तीन मिनिटांत निर्णय. मुलांचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा "त्याला फटके देऊ" असंच असतं. देऊ द्या उत्तर. मग विचारा, फटके कोण देणार, आणि चुकीच्या माणसाला पडले तर? १९४३ पासून सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, म्हणजे इंग्रजांच्या सरकारला समांतर अशा लोकांच्या सरकारने, जे चालवलं ते याच प्रश्नांचं मोठं रूप होतं. न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती, साध्या खर्चातली लग्नं लावली जात होती, आणि गुन्हेगारांना कठोर शिक्षाही होत्या. मोठ्या मुलांना हे सगळं सांगा, शिक्षांसकट. सरकार उलथवणं आणि सरकार चालवणं यातला फरक तेरा वर्षांच्या मुलाला कळतो, त्याला क्रिकेटचा संघ चालवायचा अनुभव असतो.

दुसरी कृती टोपीची, आणि वेळ कमी असेल तर बाकी सगळं गाळा पण ही ठेवा. मार्शल लॉमध्ये सोलापुरात गांधी टोपी घालणं, राष्ट्रीय झेंडा मिरवणं यावरूनही माणसं पकडली जात होती. आधी मुलांना टोप्या करू द्या. वर्तमानपत्राच्या चालतील, पांढऱ्या कापडाच्या असतील तर उत्तम. शिवायला कुणाची आजी मिळाली तर अजून उत्तम. दहा मिनिटं सगळ्यांनी मिरवावं. मग भिंतीवर हुकूम चिकटवा: उद्या सकाळपासून ही टोपी डोक्यावर दिसली तर तुरुंग. आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या, त्यात तो कोण आहे ते लिहिलेलं असेल. गिरणी कामगार, घरात चार लहान मुलं, मागच्या महिन्याचा पगार अडकलेला. कचेरीतला कारकून, साहेब बरा आहे. टोप्या शिवणारा शिंपी, कपाट भरून माल पडलाय. पंधरा वर्षांचा विद्यार्थी, मित्र सगळे घालणार म्हणतात. ज्या बाईचा मोठा मुलगा आधीच तुरुंगात आहे आणि धाकटा टोपी मागतोय, ती बाई. आणि एक हवालदार, ज्याला टोप्या काढून घ्यायचा हुकूम आहे. त्याचा मामेभाऊ टोपी घालतो.

प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता कागदावर लिहायचं: उद्या सकाळी मी काय करणार, आणि का. मग एकेक वाचायचं. इथे तुमचीच कसोटी आहे. टोपी घालणार म्हणणाऱ्या मुलासाठी टाळ्या वाजवल्यात तर पुढचे सगळे तेच उत्तर बदलून वाचतील. चेहरा सरळ ठेवा. कारकुनाने "मी काढून खिशात ठेवीन आणि रात्री चळवळीला दोन रुपये देईन" असं लिहिलं, तर ते खऱ्या माणसाचं उत्तर आहे. लढा अशा माणसांच्या पैशांवरही चालला. हवालदाराची चिठ्ठी ज्या मुलाला मिळेल त्याच्याकडे शेवटी या आणि त्याला वेळ द्या. गोळ्या झाडणारे, लाठ्या चालवणारे, मीठ चिखलात कालवणारे बहुतेक हात इथल्याच माणसांचे होते, हे मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

(एक बारीकशी सूचना. १९३० चं नाटुकलं असेल तर झेंड्यावर अशोकचक्र काढू नका. तेव्हाच्या झेंड्यावर चरखा होता, पट्ट्यांचे रंगही पांढरा, हिरवा, लाल असे होते. केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम १९३१ ला ठरला आणि अशोकचक्र आलं ते २२ जुलै १९४७ ला. मुलांनाच दोन्ही झेंडे काढू द्या, त्यांना असल्या चुका पकडायला फार आवडतं.)

आता तुमच्या मोठ्या मुलांचा फाशीचा सीन. याला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. अशा सीनची तालीम करताना गळ्याला फास बसून मुलं दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात आलेल्या आहेत. दोरी, ओढणी, उपरणं, गळ्याभोवती काही म्हणजे काहीही नको, गंमत म्हणूनसुद्धा नको. मुलांना ही गोष्ट आडवळणाने सांगू नका, कारणासकट स्पष्ट सांगा आणि पालकांच्या ग्रुपवरही टाका, कारण तुम्ही नाही म्हटलेलं खाली पार्किंगमध्ये सुरू होतं.

पण नुसतं नाही म्हणून भागणार नाही, त्यांना भगतसिंग हवाच आहे. मग त्यांना खरा भगतसिंग द्या. ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या असेंब्लीत त्याने आणि बटुकेश्वर दत्तने बॉम्ब टाकले ते रिकाम्या बाकांकडे, आणि सोबत पत्रकं उधळली. पळून जाता आलं असतं तरी ते जागेवरच थांबले. विरोध होता दोन विधेयकांना, आणि त्यातलं एक कामगारांच्या संपावर बंधनं घालणारं होतं. गिरणगावातल्या मुलांना हे जवळचं वाटायला हवं, त्यांच्यातल्या कुणाचे तरी पणजोबा नक्की गिरणीत होते. तेव्हा तुमच्या चारही भगतसिंगांना पत्रक लिहायला बसवा. अट एवढीच: एका कागदावर मावलं पाहिजे, वरून खाली पडत असताना एखाद्याने झेललं तर अर्ध्या मिनिटात वाचून झालं पाहिजे, आणि त्यात एकही शिवी नको. मग ती गच्चीच्या कठड्यावरून उधळा आणि खालून जाणाऱ्या मोठ्या माणसांनी उचलून मोठ्याने वाचावीत. ज्याचं पत्रक खालच्या माणसाला समजलं नाही, त्याने पुन्हा लिहायचं. हे काम पिस्तुलाहून खूप अवघड आहे, मुलं लगेच कबूल करतात. नंतर कागद गोळा करायला विसरू नका, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी इंग्रज होतील.

बारा-तेराच्या मुलांना लाहोरची गोष्टही पूर्ण सांगा. लाला लजपत राय लाठीमारानंतर वारले, त्याचा बदला म्हणून स्कॉट या पोलीस अधिकाऱ्याला मारायचं ठरलं होतं. १७ डिसेंबर १९२८ ला गोळ्या लागल्या त्या सँडर्स या दुसऱ्याच पोलीस अधिकाऱ्याला. पाठलाग करणारा हवालदार चनन सिंगही मारला गेला. पुढे तुरुंगात याच तरुणांनी राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवावं, वाचायला पुस्तकं आणि वर्तमानपत्रं मिळावीत म्हणून उपोषण केलं, आणि त्यात ६३ दिवसांनी, १३ सप्टेंबर १९२९ ला, जतींद्रनाथ दास गेले. उपोषणाचा खेळ करू नका, कुणालाही उपाशी ठेवायचं नाही. पण मागण्यांची यादी मुलांकडून करून घ्या: तुम्हाला कोठडीत टाकलं तर तुम्ही कुठल्या पाच गोष्टी मागाल? पहिल्या यादीत मोबाइल आणि पिझ्झा येतो. येऊ द्या. मग खऱ्या मागण्यांत पुस्तकं होती हे सांगा आणि यादी पुन्हा करायला लावा.

सगळ्यात मजेची कृती हवी असेल तर गुप्त रेडिओ. २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईत काँग्रेस रेडिओ चालला, बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे साथीदार जागा बदलत बदलत बातम्या द्यायचे, आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडलं. तुमच्याकडे जिना आहे, मजले आहेत, आणखी काय पाहिजे! एक गट दोन मिनिटांचं बातमीपत्र वाचेल, दुसरा गट आवाजावरून जागा हुडकेल. पण यातही ठरवायचं काहीतरी असू द्या, नाहीतर हा नुसता लपंडाव होतो. रेडिओवाल्यांना तीन बातम्या द्या. एक पक्की, एक अर्धवट, आणि एक खूप जोरदार पण कुठून आली ते कुणालाच ठाऊक नाही. जोरदार बातमी वाचली तर लोक उठतील. खोटी निघाली तर उद्यापासून तुमचं कुणी ऐकणार नाही. वाचायची का? फॉरवर्ड म्हणजे काय हे ज्या मुलांना जन्मापासून माहीत आहे, ती यावर ताडताड भांडतात.

टकळीवर (हाताने फिरवायच्या छोट्या चातीवर) सूत काढणंही जमलं तर करा. खादी भांडारात टकळी आणि पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, मिळतात का बघा. वीतभर धागा निघेपर्यंत दहा वेळा तुटतो, आणि स्वदेशीच्या धड्यात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

राहिले आजोबा. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. त्यांची भीती अशी असावी की आपण मुलांना खाचाखोचा सांगत बसलो तर पूज्य माणसं लहान होतील. माझा अनुभव उलटा आहे: टोपीची चिठ्ठी हातात घेऊन दहा मिनिटं घाबरलेलं मूल, ज्याने खरंच टोपी घातली त्याच्याकडे जास्त आदराने बघतं. सात-आठ वर्षांच्या मुलांना गोळीबाराचे, मृत्यूचे तपशील नकोत, तिथे आजोबांचं बरोबर आहे आणि ते त्यांना तसं सांगा. त्या वयाला मीठ, टोपी आणि रेडिओ पुरतात. लाहोरची गोष्ट मोठ्या मुलांना वेगळं बसवून सांगा.

आणि एका रविवारी आजोबांची मुलाखत ठेवा. त्यांनी १९३० पाहिलेलं नाही, पण त्यांच्या वडिलांनी, चुलत्यांनी पाहिलेलं असू शकतं. गोव्याचा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्र यातलं काही त्यांनी लहानपणी ऐकलेलं असेल. मुलांना प्रश्न आधी लिहून काढायला लावा आणि "तुम्हाला कसं वाटलं" हा प्रश्न खोडून टाका, त्याला "छान वाटलं" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी: मोर्चाला घरातून कोण गेलं आणि कोण नाही गेलं? तेव्हा घरात यावरून भांडण झालं का? घरातलं काय लपवून ठेवलं होतं? रात्री कोण उशिरा आलं? एकाने विचारायचं, एकाने लिहायचं, एकाने फोनवर रेकॉर्ड करायचं, तेही आजोबांना विचारून. आजोबांनी "आमचे वडील सरकारी नोकरीत होते, ते कुठेच गेले नाहीत" असं सांगितलं तर ते टिपून घ्यायला सांगा. कारकुनाची चिठ्ठी त्या आठवड्यात मुलांच्या डोक्यात ताजी असेल.

सगळ्या कृती एका महिन्यात बसणार नाहीत. मीठ, टोपी, रेडिओ आणि मुलाखत, असे चार रविवार पुष्कळ झाले. प्रत्येक वेळी खेळ अर्धा तास आणि बोलणं पंधरा मिनिटं. बोलणं गाळून खेळच लांबवायचा मोह होतो, मुलांना तेच हवं असतं. टाळा.

आता तुमची लेक. तिला झाशीची राणी होऊ द्या, ड्रेस घरात आहे ही अगदी पटण्यासारखी अडचण आहे. फक्त यंदा तिला गोष्टीचा सुरुवातीचा भाग द्या. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले, त्याच्या आदल्या दिवशी दामोदरला दत्तक घेतलं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. राणीने लगेच तलवार उपसली नाही. तिने अर्ज केले, जुने करार दाखवले, शेजारच्या संस्थानांत दत्तक चालला मग आमचा का नाही असं विचारलं, जॉन लँग नावाचा वकीलही लावला. काही उपयोग झाला नाही. महिना पाच हजार रुपयांचं निवृत्तिवेतन पुढे केलं गेलं. १८५७ उजाडायला अजून तीन वर्षं होती.

तेव्हा तिला गव्हर्नर जनरलला अर्ज लिहायला बसवा, स्वतःच्या शब्दांत, आठ वर्षांच्या अक्षरात. हे माझं मूल आहे, हे माझं गाव आहे, तुमचा नियम चुकीचा का आहे त्याची तीन कारणं. तुम्ही गव्हर्नर जनरल व्हा आणि अर्ज फेटाळा, अगदी सभ्य भाषेत. मग तिला दुसरा अर्ज लिहू दे. तिसऱ्या अर्जाला ती बहुधा तुमच्यावर धावून येईल, तिथे प्रयोग संपवा. दामोदर व्हायला धाकटं कुणी तयार झालं नाही तर पाठीला बाहुली बांधा, पण गाठ सैल ठेवा आणि कमरेभोवतीच घ्या.

— ताई